ईशान्येचा उतार

घरात फरशी कोणती बसवायची हा प्रश्न माणसाच्या अब्रूपर्यंत जाऊ शकतो, हे रामलिंगला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर त्यानं उरलेलं आयुष्य सतरंजीवर काढलं असतं. पण सांगणारे सगळे नंतर भेटले, आणि जे भेटले ते बोलायचे थांबेनात.

रामलिंग नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. घर गोदाई नगरात, म्हणजे नदीच्या इतकं शेजारी की वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी पेपरात यायच्या आधी त्याच्या मोरीत यायची. मागच्या भादव्यात ती बातमी मोरीतून निघून बैठकीत आली, दिवाणाच्या पायांना भिजवून गेली आणि जाताना शहाबादी फरशीखालचा मुरूम सोबत घेऊन गेली. तेव्हापासून फरशी चालणाऱ्याच्या पायाखाली बोलायची. आतल्या खोलीत बसून बाहेर कोण आलं हे आवाजावरून ओळखता यायचं. ऐन वैशाखातही सांध्यांमधून ओल वर यायची आणि घराला कायम भिजल्या गोणपाटाचा वास असायचा.

रामलिंगनं ह्या सगळ्याशी जुळवून घेतलं होतं. कशाशीही जुळवून घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण उन्हाळ्याच्या शेवटी आईचा फोन आला.

आई म्हणजे तुळजाबाई. देवणीजवळच्या गावी एकट्या राहायच्या. गुडघे कामातून गेले होते, हुकूम मात्र अजून धडधाकट होता. त्यांचं म्हणणं असं की महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आता त्यांच्यानं उभं राहून होत नाही, तेव्हा यंदापासून महालक्ष्म्या लेकाच्या घरी. आता बाकी महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि मराठवाड्यातल्या घरात ह्या तीन दिवसांचं वजन दिवाळीपेक्षा जास्त. पितळी मुखवट्यांच्या दोघी बहिणी साड्या नेसून उभ्या राहतात आणि वर्षभराची घराची लाज राखतात. थोरला लेक रामलिंग, म्हणजे मान नांदेडचा. पण तुळजाबाईंनी एक अट घातली.

"ओल्या घरात महालक्ष्म्या हुब्या करत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भादव्यापत्तोर घर कोरडं दिसलं तर तुझ्याकडं. न्हाईतर अंगदकडं, लातूरला. अन एकदा जितं बसल्या तितं बसल्या. मंग फिरवाफिरव न्हाई."

अंगद हा रामलिंगचा धाकटा भाऊ. लातूरला एका क्लासमध्ये शिकवतो, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिथं ओल यायची तर आधी पाणी यायला हवं, आणि लातूरला पाणी कधी येतं हे नळालाही माहीत नसतं. अंगद मनानं इतका चांगला की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्यानं लगेच फोन करून सांगितलं, दादा, तुमच्याकडंच व्हावं, नाही जमलं तर आम्ही आहोतच. ह्यातलं दुसरं वाक्य रामलिंगला फार लागलं.

पण खरं लागलं ते अयोध्याचं गप्प बसणं. अयोध्या म्हणजे रामलिंगची बायको. दूधवाल्याच्या मापापासून शेजारच्या सुनेच्या ब्लाउजच्या बाह्यांपर्यंत जिचं प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, ती ह्या फोनवर एक अक्षर बोलली नाही. लग्न झाल्यापासून दर भादव्यात ती गावी जाऊन पुरण घालत आली होती. महालक्ष्म्यांच्या साडीच्या निऱ्या तिच्यासारख्या कोणाला बसवता येत नसत, आणि थोरलीचा मुखवटा जरा डावीकडे झुकतो म्हणून मानेत सुताची गुंडी कुठं भरायची हे फक्त तिला माहीत होतं. ती उठून तांदूळ निवडायला बसली. तांदूळ कालच निवडलेले होते. रामलिंगनं त्याच क्षणी ठरवलं की फरशी बदलायची, आणि अशी बदलायची की गोदावरीनं तोंडात बोट घालावं.

प्रयोगशाळेतला माणूस फरशी अशीतशी निवडत नाही. रामलिंगनं बाजारातून नमुने आणले आणि ते पाण्यात भिजत ठेवले. प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र भांडं, कारण एका भांड्यात दोन नमुने टाकले तर निष्कर्ष दूषित होतो. पुरणाच्या पातेल्यात ग्रॅनाइट, कुकरमध्ये लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट, परातीत प्लास्टिकची फरशी आणि कळशीत शहाबादीचा तुकडा, जो नंतर कळशीतून बाहेर निघेना. घरात तव्यावर होईल तेवढाच स्वयंपाक सुरू राहिला. शेजारच्या बसम्मा विरजण मागायला आल्या आणि कुकर उघडून बघितल्यावर काही न मागता परत गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या अयोध्याकडं सहानुभूतीनं बघायच्या.

निकाल मोलाचे निघाले. लॅमिनेट एका रात्रीत फुगून दुप्पट झालं; दिसायला लाकूड आणि स्वभावानं पुठ्ठा. प्लास्टिकच्या फरशीला पाण्यानं काहीच झालं नाही, पण ती उठून वर तरंगायला लागली. पुरात आपण बसलोय ती फरशी आपल्यासकट वर यावी, हे रामलिंगला पटलं नाही. अंगदनं मात्र फोनवर हीच फरशी घ्या म्हणून फार आग्रह केला. त्याच्या एका सहकाऱ्यानं लातूरला बसवली होती आणि तिला आजवर काही झालं नव्हतं. ज्या शहराला एकदा आगगाडीनं पाणी आणावं लागलं तिथल्या फरशीला काय व्हायचं होतं, असं रामलिंगच्या अगदी ओठावर आलं, पण धाकट्या भावाला असं बोलू नये म्हणून त्यानं ते गिळलं आणि दोन दिवस मनातल्या मनात बोलत राहिला.

पाणी किती वर येऊ शकतं हे कळलं तर बरं, म्हणून तो एका सरकारी कार्यालयात गेला. तिथल्या बाबूंनी त्याला तीन टेबलं फिरवून पुन्हा पहिल्या टेबलावर आणलं आणि नकाशा उलगडला. नकाशावर नदीच्या अंगानं एक निळी रेषा होती. रेषेच्या आतल्या घरात पूर येतो, बाहेरच्या घरात येत नाही. बाबूंनी बोट फिरवत फिरवत रामलिंगचं घर शोधलं आणि बराच वेळ चष्मा वरखाली केला. रेषा घराच्या बरोबर मधून गेली होती. स्वयंपाकघर पूरग्रस्त होतं आणि बैठक सुरक्षित होती. रामलिंगनं विचारलं की पाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्यावर पुढं काय करतं. बाबू म्हणाले, तो विषय दुसऱ्या विभागाचा आहे.

शेवटी निर्णय झाला तो ग्यानोबाशेठच्या दुकानात. ह्या ग्यानोबाशेठनी आपल्या हातातला चहा सरळ एका मोठ्या टाइलवर ओतला, खांद्यावरच्या उपरण्यानं पुसला आणि विचारलं, "आता सांगा सर, चहा कुठं हाय?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं चहा शोधायला लागली. टाइलवर खरंच डाग नव्हता; उपरण्यावर होता, पण तिकडं कोणी बघितलं नाही. फक्त सांध्यांत सिमेंट भरू नका, एवढं शेठनी बजावलं. सांध्यांत इपॉक्सीचा मसाला भरा. एकदा धरला की देव आला तरी सुटत नाही, पाण्याखालीसुद्धा धरतो. हे वाक्य रामलिंगला इतकं आवडलं की तो मसाला त्यानं गरजेपेक्षा जास्तच घेतला.

रंगाच्या वेळी अयोध्या पहिल्यांदा बोलली. "पांढरी घ्या," ती म्हणाली. "कुंकवाची पावलं उठून दिसली पाहिजेत." महालक्ष्म्या उंबऱ्यापासून आपल्या जागेपर्यंत ह्या पावलांवरून चालत येतात. रामलिंगनं पांढरी घेतली. गल्लीतल्या प्रत्येक माणसानं त्याला पांढरी घेऊ नका म्हणून सांगितलं आणि त्यानं एकाचंही ऐकलं नाही. सबंध प्रकरणात त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तीही अयोध्याच्या डोक्यानं केलेली.

मिस्त्री नागप्पा उदगीरकडचा. थापीशी कानडीत बोलायचा आणि माणसांशी मराठीत, त्यामुळे खरं मत फक्त थापीला माहीत असायचं. त्याला कोणी काम सांगितलेलं आवडत नसे, आणि सांगितलंच तर ते सांगणाऱ्याला पश्चात्ताप होईल इतकं जास्त करून द्यायची त्याची रीत होती. पाणी दारातून येऊ नये म्हणून उंबरा जरा उंच करा, असं रामलिंग म्हणाला. संध्याकाळी तो कॉलेजातून घरी आला तेव्हा उंबरा गुडघ्याला लागत होता. बैलगाडीत चढावं तसं घरात चढावं लागायचं. बसम्मांनी येणंच बंद केलं आणि अयोध्याला खिडकीतून विरजण मागायला सुरुवात केली.

पहिला बळी गेला दयानंदरावांचा. दयानंदराव समोर राहायचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि सध्या पूर्णवेळ वास्तुशास्त्रात होते. काम कसं चाललंय बघायला म्हणून ते सवयीनं आत आले आणि उंबऱ्यावरून सरळ बैठकीत आडवे झाले. दुसरा कोणी असता तर कण्हला असता. पण जमिनीला गाल लावून पडल्या पडल्या त्यांनी खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि विचारलं, "रामलिंगराव, उतार कुठं देताय?"

उतार मोरीकडं द्यायचं ठरलं होतं. पाणी मोरीकडं जातं, अशी रामलिंगची साधी समजूत होती. दयानंदराव उठून बसले, कोपर चोळत त्यांनी सांगितलं की मोरी नैर्ऋत्येला आहे आणि नैर्ऋत्येला उतार म्हणजे घरातली लक्ष्मी पाण्यासोबत वाहून जाणं. पाणी ईशान्येलाच जायला हवं, त्यात चर्चा नाही. रामलिंगनं विज्ञानाच्या बाजूनं दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला. तेव्हा दयानंदराव आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची बढती इतके दिवस का अडली, ह्याचा कधी विचार केलात?"

बढती अडली होती हे खरं. मुख्य सहायकाच्या खुर्चीवर त्याच्या हाताखाली परीक्षानळ्या विसळायला शिकलेला माणूस बसला होता. रामलिंगनं मिस्त्रीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाला, ईशान्येला द्या. नागप्पा थापीला कानडीत काहीतरी म्हणाला आणि त्यानं ईशान्येला उतार दिला. जरा जास्तच दिला. सोफा आपला आपण हळूहळू तिकडं सरकायला लागला.

फरशी झाली तेव्हा मात्र सगळ्यांची बोलती बंद झाली. पांढरीशुभ्र, सांध्यांत पाण्याचा थेंब शिरायला जागा नाही, ओलीचा वास गेलेला. अयोध्या अनवाणी चारही खोल्यांतून फिरून आली आणि तिनं दूधवाल्याच्या मापाबद्दल तक्रार केली. रामलिंगला फार बरं वाटलं. मग तिनं फरशी धुवायला पहिली बादली ओतली. पाणी एका ओळीत निघालं, कुठंही न अडखळता कोपऱ्यात गेलं आणि देवघरासमोर तळं करून उभं राहिलं. देवघर अर्थातच ईशान्येला होतं; देवांनाही ईशान्यच लागते. चौरंगावरचा बाळकृष्ण काठावर आल्यासारखा दिसायला लागला.

नागप्पानं हात वर केले. "तुमी म्हणलाव ईशान्य, म्या दिलो ईशान्य. आता देवाला उचला न्हाईतर पाण्याला सांगा," असं तो म्हणाला. दयानंदरावांचं म्हणणं पडलं की शास्त्र बरोबर आहे, घर जरा वाकडं बांधलंय. फरशी उखडायला वेळ नव्हता, महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. तेव्हा तिघांनी खाली मांडी घालून मसलत केली आणि तोडगा निघाला: देवघराखालच्या कोपऱ्यात भिंतीला भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची आणि पाणी बाहेरच्या नालीत सोडायचं. पाणी ईशान्येला जाणार आणि तिथून बाहेर. शास्त्र राहिलं, घरही राहिलं. भोक पडलं, नळी बसली, बादलीभर पाणी घोट घेतल्यासारखं निघून गेलं. तिघांनी त्यावर चहा घेतला.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी दुपारी अंगदची गाडी आली. तुळजाबाईंना दोघा लेकांनी उचलून उंबऱ्याच्या आत घेतलं. अंगदची बायको करिश्मा मुखवट्यांची पेटी छातीशी धरून मागून चढली. तुळजाबाईंनी दिवाणावर बसायच्या आधी वाकून फरशीला हात लावला. तोही तळहात नाही, लेकराचा ताप बघतात तशी हाताची उलटी बाजू. बराच वेळ लावून ठेवला. अयोध्या दारामागं उभी होती.

"कोरडी हाय," तुळजाबाई म्हणाल्या. अयोध्या वळून आत गेली आणि तिनं कुंकवाची वाटी कालवायला घेतली. उंबऱ्यापासून आतल्या मखरापर्यंत पांढऱ्या फरशीवर तिनं एकेक पाऊल काढलं. ती इतकी उठून दिसत होती की दयानंदरावसुद्धा समोरच्या ओट्यावरून बरी दिसतात म्हणाले.

नांदेडला पाऊस नव्हता. पाऊस वर कुठंतरी पडत होता, आणि धरणाचे दरवाजे त्याच दिवशी उघडले. भोंगा लावलेली गाडी गल्लीतून गेली. तिच्यामागून थोड्या वेळानं पाणी आलं. घाई नाही, गडबड नाही, ओळखीच्या घरी आल्यासारखं. दयानंदरावांच्या ओट्यावर चढलं, बसम्मांच्या खालच्या खोलीत शिरलं. रामलिंगनं मेन स्विच बंद केला, मोरीचं बूच आवळलं आणि उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. पाणी उंबऱ्याला लागलं आणि थांबलं. बाहेर गुडघाभर, आत कोरडं ठणठणीत. सगळी गल्ली आपापल्या जिन्यांवर, गच्च्यांवर चढून हे बघत होती. रामलिंगनं हात मागं बांधले. पूर बघायला आलेल्या पाहुण्यासारखा तो जरा वेळ तसाच उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता. बढतीचं त्याला काहीच वाटेनासं झालं.

"अहो," आतून अयोध्याचा आवाज आला. "देवाजवळ पाणी आलंय."

नळीला दोन तोंडं असतात आणि पाण्याला दोन्हीतून जाता येतं, हे रामलिंग मुलांना दर वर्षी काचेच्या नळीत रंगीत पाणी घालून दाखवायचा. आता गोदावरी त्याला दाखवत होती. बाळकृष्णाच्या चौरंगाखालून पाणी शांतपणे वर येत होतं आणि पांढऱ्या फरशीवर पसरत होतं. पहिलं कुंकवाचं पाऊल विरघळलं, मग दुसरं. अयोध्या वाटी हातात घेऊन बघत राहिली.

रामलिंगनं नळीत टॉवेल कोंबला, तो बाहेर फेकला गेला. अंगदनं आपला नवा शर्ट कोंबला, तोही आला. तेव्हा रामलिंगला उरलेला मसाला आठवला. त्यानं इपॉक्सीचे दोन्ही डबे कालवले, पाण्यात बसून नळीत मुठी मुठीनं भरले आणि तळहातानं दाबून धरून बसला. ग्यानोबाशेठ खोटं बोलले नव्हते. मसाल्यानं पाण्याखाली धरलं, आणि पाणी थांबलं. तोपर्यंत घरात ते सगळीकडे घोट्यापर्यंत झालेलं होतं.

मग वर दरवाजे कमी केले. गल्लीतलं पाणी आलं तसं निवांत परत गेलं. बसम्मांची खोली मोकळी झाली, दयानंदरावांचा ओटा वर आला, नालीसुद्धा दिसायला लागली. रामलिंगच्या घरातलं पाणी मात्र कुठंच गेलं नाही. नळी दगड झालेली, मोरी उताराच्या वरच्या अंगाला, आणि दारात नागप्पाचा उंबरा. जो उंबरा पाण्याला आत येऊ देत नव्हता तो आता त्याला बाहेर जाऊ देत नव्हता. कोरड्या गल्लीत उभं राहून लोक रामलिंगच्या घरातला पूर बघायला लागले. निळ्या रेषेचे बाबू छत्री घेऊन पाहणीला आले होते, तेही थांबले. गल्लीत पूर नसताना तुमच्या घरातलं पाणी पुराचं म्हणून कसं धरायचं, असं त्यांनी विचारलं. हे तुमचं खासगी पाणी दिसतं, असं म्हणून ते पुढं गेले.

दोघं भाऊ बादल्यांनी पाणी उपसत होते. तुळजाबाई दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. दिवस कलायला आला. अंगदनं बादली खाली ठेवली. तो खाली बघूनच म्हणाला की महालक्ष्म्या बसवायचं नक्षत्र रात्रीपर्यंत आहे, आत्ता निघालो तर जेवणवेळेला लातूर गाठता येईल. त्याच्या आवाजात काही जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तोच रडवेला झाला होता.

रामलिंगनं आपल्या हातांकडं पाहिलं. बोटांना मसाला चिकटून पांढरा झाला होता. ही फरशी त्यानं कशासाठी केली होती, हे घरात कोणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. अयोध्याकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"अंगद," तो म्हणाला, "गाडी काढ."

करिश्मा पेटी उचलून गाडीकडं निघाली. गल्लीत गाडीपाशी गेली आणि तिथंच थांबली, कारण अयोध्या सूप आणि हळदकुंकू घेऊन तिच्या मागोमाग उंबरा ओलांडून बाहेर आली होती. अयोध्यानं पेटी उघडली. थोरलीचा मुखवटा काढून सुपात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं, सूप छातीशी धरलं आणि ती पुन्हा घराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. करिश्मा क्षणभर अंगदकडं बघत राहिली. मग तिनं धाकटीचा मुखवटा घेतला, चपला गल्लीतच काढल्या आणि जावेच्या मागं जाऊन उभी राहिली.

आता काय व्हायचं हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं. महालक्ष्म्या दाराशी आल्या की घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं आतून विचारायचं असतं, कोण आलंय, कशाच्या पावलानं आलंय. तिनं विचारल्याशिवाय आत येता येत नाही. आणि तिनं एकदा विचारलं, की महालक्ष्म्या त्या घरच्या झाल्या. विचारायच्या होत्या तुळजाबाई.

तुळजाबाई दिवाणावरून पाण्याकडं बघत होत्या. मग त्यांनी दाराकडं बघितलं. थोरलीचा मुखवटा डावीकडे झुकू नये म्हणून अयोध्यानं त्याला अंगठ्यानं आधार दिला होता. रामलिंग बादली हातात घेऊन मध्येच उभा होता. म्हातारीनं घसा साफ केला.

"कोण आलंय?"

"महालक्ष्म्या आल्यात," अयोध्या म्हणाली, आणि उंबऱ्यावरून पहिलं पाऊल आत, पाण्यात टाकलं.

"कशाच्या पावलानं आल्यात?"

सोन्यामोत्याच्या पावलानं, हे उत्तर पोरींना बोलता यायला लागल्यापासून पाठ असतं. अयोध्याला तर झोपेत विचारलं तरी आलं असतं. तिनं तोंड उघडलं, खाली आपल्या पायांकडं बघितलं आणि तिला ते खोटं बोलवेना.

"ओल्या पावलानं, आई."

तुळजाबाईंच्या तोंडावरची एकही सुरकुती हलली नाही.

"ये माय, ये," त्या म्हणाल्या. "पाय धुवायचं तेवढं काम वाचलं." आणि महालक्ष्म्यांना दिवाणावर जागा करून द्यायला म्हातारी पदर खोचून स्वतः पाण्यात उतरली.